खुंटीची जागा

मंगळवारी सकाळी साडेआठ वाजता पाऊसवालीने मापाचं पत्र्याचं नसराळं उचललं आणि आतली बाटली बाहेर काढली. बाटलीत पाणी नव्हतं. असणारही नव्हतं, उन्हाळा अजून महिनाभर होता. तरी तिने बाटली उलटी करून पाहिली, परत जागेवर ठेवली, वहीत तारखेपुढे शून्य लिहिलं आणि सही केली. आठ चाळीसला रस्त्यावर जीप थांबली आणि तिच्यातून मातीवाल्या बाई उतरल्या.

घरामागच्या कुंपणात हे पावसाचं माप बसवलं त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून तिला कोणी नावाने हाक मारत नव्हतं. "पाऊसवाले, आज तरी पाड की थोडा," असं माणसं येताजाता म्हणायची. ती म्हणायची, "माझ्याकडे फक्त मोजायचं काम आहे. पाडणारा वेगळा."

"खड्डे खणणारे इथेच राहतात ना?" बाईंनी विचारलं. बाई पन्नाशीच्या. पायात जाड बूट, गळ्यात दोरीने बांधलेलं भिंग, हातात कापडी बांधणीची एक जुनी फाइल.

"इथेच. पण बोलावलंत म्हणून आहेत. नाहीतर वर्षातले आठ महिने बाहेरच असतात."

नवरा आतून टॉवेलने तोंड पुसत आला. कुणाच्या घराचा पाया, कुठे नळाचा चर, कुठे विहीर, जिथे खणायचं असेल तिथे तो जायचा. हाताचे पंजे फावड्यासारखे रुंद झाले होते आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली आला होता.

बाईंनी कठड्यावर बसून काम समजावलं. चढावरच्या जमिनींना पाइपने पाणी द्यायचं घाटत होतं. नियम असा होता, की मीटरभर तरी माती असेल त्याच जमिनीला पाणी. कागदोपत्री हा सगळा चढ एकाच जातीच्या मातीचा होता: खोल, काळी, पाणी धरून ठेवणारी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पाहणी झाली तेव्हा त्या मातीचा नमुन्याचा खड्डा याच घराच्या शेतात घेतला होता. खोली एकशे बेचाळीस सेंटिमीटर, त्याखाली मुरूम.

"तोच खड्डा पुन्हा उघडायचा. मोजायचा, लिहायचा, मी सही करायची. मग पाइप," बाई म्हणाल्या.

"एका खड्ड्यावर सगळा चढ?" पाऊसवालीने विचारलं.

"एका जातीच्या मातीला एक नमुन्याचा खड्डा. बाकीकडे तेव्हा वरवर पाहिलं असेल. भात शिजला का हे एका शितावरून बघतात ना, तसं."

"शीत मधलं घेतलं असेल तर," असं ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बाई हसल्या. नवरा हसला नाही.

पाणी आलं तर दुसरं पीक निघणार होतं. दुसरं पीक निघालं तर नवरा घरी राहणार होता. हे दोघांत कधी बोलून ठरलेलं नव्हतं. पण गेल्या आठवड्यात त्याने गोठ्याचं छप्पर दुरुस्त करायला काढलं होतं आणि आठ महिने बाहेर राहणारा माणूस गोठ्याच्या छपराला हात लावत नाही, एवढं तिला कळत होतं.

जुना खड्डा शेताच्या खालच्या कोपऱ्यात, बांधाला लागून होता. बुजवलेल्या जागी जमीन थोडी दबली होती. नवऱ्याने चपला बांधावर काढून ठेवल्या, पहारीने चार कोपरे आखले आणि कुदळ घातली. जागा मऊ होती. दुपारपर्यंत तो कमरेइतका आत गेला. जुन्या भरावाच्या कडेने अर्धा हात न खणलेली माती छाटून त्याने उन्हाकडची भिंत कोरी केली, तसं बाईंनी सांगितलं होतं. घामाने बनियन पाठीला चिकटलं होतं. मध्येच तो थांबायचा, खाली पाहायचा आणि पुन्हा खणायला लागायचा. गेली अठरा वर्षं ती त्याला खणताना पाहत आली होती. खणताना तो थांबत नसे.

बाईंना पिशव्यांवर चिठ्ठ्या लिहायला कुणीतरी हवं होतं. जीपच्या ड्रायव्हरचं अक्षर ड्रायव्हरलाच लागत नव्हतं. म्हणून पाऊसवाली खड्ड्याच्या काठावर पिशव्यांचा गठ्ठा घेऊन बसली. बाईंनी भिंतीवर वरून खाली मोजपट्टी सोडली, सुरीच्या टोकाने माती उकरून काढली, तळहातावर पाण्याचे चार थेंब घालून मळली, अंगठ्याने तिची फीत काढली आणि ती किती लांब जाऊन तुटते ते पाहिलं. मग रंगांच्या वहीतल्या चौकोनांवर ढेकूळ धरून रंग ठरवला. चुना आहे का बघायला ठेचलेल्या ढेकळावर बाटलीतून आम्ल टाकलं. बारीक फेस आला.

"ही काय वाढदिवसाची तयारी?" ड्रायव्हर म्हणाला. "मॅडम, माती ती माती. गाडीला लागली की सगळी सारखीच."

"तुला चहा आणि काढा सारखाच लागतो, त्याला मी काय करू," बाई म्हणाल्या.

जेवणाच्या सुट्टीत बाईंनी पावसाच्या वह्या मागितल्या. मातीच्या वर्णनात पाऊस, उन्हाळा, चढ, उतार सगळं लिहावं लागतं. पाऊसवालीने अकरा वह्या फडक्यात बांधून आणल्या होत्या. बाई पानं उलटत गेल्या, मध्ये मध्ये थांबत गेल्या.

"हे रकाने रिकामे का?"

"त्या दिवशी पाहिलं नाही. हे चार दिवस ताप होता. हे अकरा दिवस धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाचे. सगळे मिळून चौतीस आहेत."

"उन्हाळ्यातले आहेत काही. पाऊस नसणारच. शून्य टाकायचं."

"पाहिलं नाही तर शून्य कसं टाकणार? शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हतं."

बाईंनी वही मिटली. "मी चाळीस ठिकाणच्या वह्या बघते. एकातही रिकामा रकाना नसतो. म्हणून मला त्यातल्या एकावरही विश्वास ठेवता येत नाही." मग त्यांनी डबा उघडला.

बुधवारी दुपारपर्यंत खड्डा तळाला गेला. एकशे बेचाळीसवर कुदळ मुरमावर वाजली. जुन्या फाइलमधला आकडा आणि आजचा आकडा तंतोतंत जुळला. ड्रायव्हरने टाळी वाजवली. पण बाई भिंतीपासून हलल्या नाहीत. भिंग डोळ्याला लावून त्या एकशे चारच्या खुणेपाशी गुडघ्यावर बसल्या होत्या.

"इथे रेघ आहे," त्या म्हणाल्या. "सुरीने कापल्यासारखी सरळ. माती अशी बदलत नाही. हळूहळू बदलते." मग त्यांनी चिमटीत काहीतरी पकडून वर केलं. मोहरीएवढा पांढरा शंख होता. पाऊसवालीच्या तळहातावर त्यांनी एकापाठोपाठ नऊ शंख ठेवले. "हे पाण्यातले. चढावर कसे आले?"

फाइलमध्ये त्याचंही उत्तर होतं. जुन्या साहेबांनी वळणदार अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'शंखांवरून येथून पूर्वी ओढा वाहत असावा.'

बाईंनी चढाकडे पाहिलं, खालच्या तळ्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून त्या सरळ म्हणाल्या, "या जागी कधी बाहेरची माती टाकली होती का? गाळ वगैरे?"

नवरा फावड्याच्या पात्याला चिकटलेली माती बोटाने काढत होता. "माझ्या माहितीत तरी नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना बाई."

बाईंनी लिहून घेतलं. उद्या सकाळी शेवटचे नमुने घेऊन सही करते, म्हणाल्या.

पाऊसवाली पिशवीची चिठ्ठी लिहीत होती. तिचं एक अक्षर चुकलं. तिने चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली.

उजेड असतानाच ती घरी आली. सासू ओट्यावर बसून डोकं विंचरत होती. पाऊसवाली कंगवा घेऊन तिच्या मागे बसली. सासूच्या टाळूवर मधोमध एक गुळगुळीत जागा होती, कपाच्या तळाएवढी. तिथे केस नव्हते. लग्न होऊन आल्यापासून ती जागा ती पाहत आली होती, तेल लावत आली होती, आणि त्याबद्दल तिने कधी विचारलं नव्हतं.

"आई, हे कशाने गेले हो केस?"

"घमेल्याने. दुसरं कशाने जातील?"

"कसलं घमेलं?"

"गाळाचं. खालच्या कोपऱ्यात काय होतं आधी? वीतभर माती आणि खाली खडक. मिरचीचं रोप धरायचं नाही. सात उन्हाळे तळ्यातला गाळ आणून टाकला. तुझे सासरे खणून द्यायचे, मी वाहायची. दिवसाला बारा घमेली, कधी पंधरा. मला वाटलं तुला माहीत आहे."

"तिथे ओढा होता म्हणे पूर्वी. साहेबांनी लिहिलंय."

"ओढा?" सासूने मान वळवली, कंगवा केसांतच राहिला. "त्या चढावर? ओढ्याला काय पाय फुटले होते वर चढायला?" आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

पाऊसवालीने पाणी दिलं. मग विचारलं, "मग साहेबांनी नेमका तिथेच कसा खड्डा घेतला?"

"त्यांनी कुठे घेतला? त्यांनी मधोमध खुंटी ठोकली होती. चुन्याचा गोल काढला आणि आठ दिवसांनी येतो, खणून ठेवा म्हणून गेले. कणसं दाण्यात आलेली. उभ्या पिकात कोणी कुदळ घालतं का? तुझ्या सासऱ्यांनी खुंटी उपटली आणि कोपऱ्यात लावली. तिथे भाजी निघून गेली होती, जागा मोकळी होती. खणायलाही बरी. साहेब आले, खड्ड्यात उतरले, खूश होऊन गेले. अशी माती पाहिली नाही म्हणाले." ती थांबली. "माझीच होती. मला बरं वाटलं."

नवरा दारात उभा होता. कधी आला ते कळलं नव्हतं. पाऊसवाली म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

"बारा वर्षांचा होतो. खुंटी मीच धरली होती."

"मग बाईंना 'नाही' का म्हणालात?"

"काय सांगू? बापाने खुंटी हलवली? मेलेल्या माणसाला पुन्हा खड्ड्यात कशाला उतरवायचं?" तो आत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मीटरभर माती लागते. मधे किती आहे ते मी नांगर धरणारा माणूस, मला विचार. सांगितलं की गेलं पाणी. एकट्या आपलं नाही, सगळ्या चढाचं. माणसं दारात येऊन थुंकतील."

"आणि भाऊजींची बाग?"

तो पायाला लागलेली माती झाडू लागला.

शेजारचं शेत त्याच्या चुलतभावाचं. चौदा वर्षांपूर्वी त्याने दोनशे फळझाडं लावली होती. माती खोल आहे, झाडाला चांगली, असं त्याला कागद दाखवून सांगितलं होतं, आणि कागद खरंच होता. तीन वर्षं झाडं जोमाने वाढली. चौथ्या वर्षी शेंडे पिवळे पडले. पाचव्या वर्षी, सासरे गेले त्याच उन्हाळ्यात, एकूणएक झाड उभ्याउभ्या वाळलं. तपासायला आलेला माणूस म्हणाला, पाणी घालायचा कंटाळा केलात. तेव्हापासून गाव त्याला बागाईतदार म्हणतं. तो हाकेला ओ देतो. झाडं तोडली, पण बुंधे त्याने काढले नाहीत. त्यांच्या मधून तो पेरतो. त्या शेवटच्या उन्हाळ्यात त्याच्या बायकोबरोबर पाऊसवालीनेही हंडे वाहिले होते.

"त्याचं आता काय करायचं? झाडं उगवणार आहेत का परत?" नवरा म्हणाला.

"नाही उगवणार," ती म्हणाली आणि कंगव्यात अडकलेले केस काढून त्यांचं गुंडाळं करत बसली. सासू दोघांकडे आळीपाळीने पाहत होती. तिला आणखी हसायचं होतं, पण आता कुणी हसवत नव्हतं.

गुरुवारी साडेआठला बाटली कोरडी होती. तिने शून्य लिहिलं. मग ती घरात येऊन सासूला म्हणाली, "आई, तुमची माती बघायला येता?"

"तो नको म्हणाला होता."

"मी या म्हणते आहे."

घरापासून कोपऱ्यापर्यंत दहा मिनिटांची वाट. सासूला पाऊण तास लागला. दोनदा ती दगडावर बसली. एका हातात काठी, दुसरा सुनेच्या खांद्यावर. नवऱ्याने खड्ड्यातून वर पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि पुन्हा मान खाली घातली. बाईंनी म्हातारीला काठावर गोणपाट टाकून दिलं. ती पाय आत सोडून बसली आणि भिंतीकडे पाहत राहिली, लेकीच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर बायका भिंती पाहतात तशी.

"काय शोधताय हिच्यात?" तिने बाईंना विचारलं.

"थर. तीन सापडले."

"तीन? सात आहेत." म्हातारीने काठी पुढे केली आणि टोक भिंतीला लावलं, तळापासून वर. "ही काळी, चिकट. पहिले दोन उन्हाळे. तळ्याच्या मधली. मान मोडायची असली जड. ही तिसऱ्या वर्षीची, यात राखेची रेघ दिसते का? त्या साली तळ्याकाठचं गवत पेटलं होतं. ही पिवळट, पलीकडच्या अंगाने खणलं तेव्हाची. आणि हा पट्टा बारीक का, सांगा बरं?"

बाईंनी मान हलवली.

"हा पोटात होता." तिने काठीने लेकाकडे दाखवलं. "अर्धं घमेलं उचलायची मी."

पाऊसवालीने मोजपट्टी पाहिली. बाकीचे पट्टे पंधरा, सोळा, सतरा होते. तो सात सेंटिमीटर होता.

बाईंनी आपल्या कागदावरच्या तीन थरांच्या चित्राकडे पाहिलं. त्यांनी ते खोडलं नाही. शेजारी दुसरा उभा चौकोन आखला, त्यात सात रेघा ओढल्या आणि प्रत्येकीपुढे म्हातारीने सांगितलं ते लिहीत गेल्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "जुन्या चित्रावरून मी दोन वर्षं शिकवलंय. ओढ्याच्या मातीचा उत्तम नमुना म्हणून."

"मग चुकीचं नाही शिकवलं," म्हातारी म्हणाली. "उत्तम आहेच."

ड्रायव्हर मोठ्याने हसला आणि कुणी साथ देत नाही म्हटल्यावर जीपकडे निघून गेला. बाई नवऱ्याकडे वळल्या.

"मूळ खुंटी कुठे होती?"

खड्ड्यात तो खांद्यापर्यंत दिसत होता. बाजूला फावडं, डोळ्यांसमोर आईचे लोंबते पाय. पाऊसवाली त्याच्याकडे पाहत नव्हती. हातातल्या कोऱ्या चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत होती. चढावर कुणाची तरी बैलगाडी गेली.

मग त्याने दोन्ही तळवे काठावर टेकले आणि अंग वर ओढून घेतलं. पहार उचलली. बांधापासून सरळ शेतात चालत निघाला, पावलं मोजत, ओठ हलवत. एकतीस पावलांवर थांबला, डावीकडे चार घेतली आणि पहार जमिनीत रोवली.

"इथे."

ती जागा खणायला सव्वा तास लागला. त्यातला तास मुरमाने खाल्ला, आणि तो जेमतेम दोन बोटं फुटला. पहिल्या पंधरा मिनिटांतच कुदळ वाजली होती. बाईंनी पट्टी लावली. अडतीस. त्यांनी ती परत लावली. कोपऱ्यातल्या खड्ड्यात एकशे चारच्या रेघेखाली मुरमापर्यंत जुनी जमीन होती, तीही अडतीसच.

बागाईतदार बुंध्यांमधून केव्हा येऊन उभा राहिला ते कुणाला दिसलं नाही. उंच, वाकलेला माणूस. तो खड्ड्यात उतरला. उतरला म्हणजे पाऊल आत ठेवलं. काठ त्याच्या गुडघ्याखाली आला. त्याने वाकून पांढरट मुरमावर हात फिरवला.

"एवढीच?"

"एवढीच," बाई म्हणाल्या.

"माझ्याकडेही एवढीच असेल?"

"बघावं लागेल. पण चढ तोच आहे. जवळपास असावी."

तो तसाच वाकून राहिला. "झाडाची मुळं इथे टेकली असतील. चौथ्या वर्षी."

"हो."

"मग मी पाणी कमी घातलं नव्हतं?"

"नाही. कितीही घातलं असतं तरी..." बाईंनी वाक्य पुरं केलं नाही.

त्याने सरळ होत कमरेला हात लावला. नऊ वर्षांनी त्याच्या तोंडावर काय दिसलं ते पाऊसवालीला नीट कळलं नाही. तिला वाटलं तो रडेल, पण तो आपल्या बुंध्यांकडे बघत होता, मोजल्यासारखा. मग त्याने चुलतभावाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"खुंटीचं माहीत होतं. बागेचं... जोडून पाहिलं नाही." नवरा पहारीला धरून उभा होता. "पाहायचं नव्हतं."

"आमची ही मेली तोवर स्वतःच्या हाताला दोष देत होती," बागाईतदार म्हणाला. आवाज चढला नव्हता. "माझ्या हाताला झाड लागत नाही म्हणायची. परसातली तुळससुद्धा मला लावायला सांगायची." त्याने पाऊल बाहेर काढलं, चपलेतली माती झटकली. "आणि आता हे लिहिलं की पाणी पण नाही. होय ना बाई?"

"ते माझ्या हातात नाही. मी एवढंच लिहू शकते की एका खड्ड्यावर चढ ठरवता येत नाही. पुन्हा पाहा म्हणून."

"म्हणजे झाडं गेली ती गेली, पाणी येणार ते पण गेलं. छान जमवलंत सगळ्यांनी मिळून." तो चालू लागला. बांधावर म्हातारी बसली होती. तिच्याजवळ तो थांबला, ती उठायला धडपडत होती तिला त्याने काखेत हात घालून उभं केलं, काठी हातात दिली आणि पुढे गेला.

नवऱ्याने त्या दिवशी दोन्ही खड्डे बुजवले नाहीत. घरी आल्यावर तो सरळ गोठ्यात गेला. अर्धवट छपरावर नजर टाकली आणि शिडी काढून भिंतीला आडवी लावली. जेवताना ताटाकडे पाहत म्हणाला, "तू आईला आणलंस."

"हो."

"मला विचारलं असतंस तर?"

"तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग मला तुमचं ऐकावं लागलं असतं."

थोड्या वेळाने त्याने आमटी मागितली. तिने वाढली.

दुसऱ्या दिवसापासून बायका विहिरीवर तिला जागा द्यायच्या, पण बोलणं थांबवून. एक म्हणाली, "पाऊसवालीला काय, ती बाटलीतलं मोजते. आमचं पोट कोण मोजणार?" पाऊसवालीने हंडा भरला आणि उचलला. सोमवारी कुणीतरी मापाच्या नसराळ्यात मूठभर माती टाकली. तिने नसराळं धुतलं, बाटली धुतली आणि त्या दिवसाचा रकाना रिकामा ठेवला. नवरा बुधवारी कामाला बाहेर गेला. जाताना शिडी आडवीच होती.

पावसाळा आला. पेरण्या झाल्या. बाईंचं पत्र सव्वातीन महिन्यांनी आलं, पाऊसवालीच्या नावे, त्यात एक टाइप केलेला कागद. त्यात लिहिलं होतं, की पूर्वीचा नमुना मानवी भरावाचा असल्याने रद्द करण्यात येत असून चढावर एक्केचाळीस ठिकाणी नव्याने खड्डे घेण्यात यावेत. खाली पेनाने बाईंनी जोडलं होतं: 'सात थरांचं चित्र रद्द केलेलं नाही. वेगळं जपून ठेवलं आहे, आईंच्या नावाने.' सासूने ते तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "माझं नाव बरोबर लिहिलंय का बघ."

खणायला माणूस म्हणून नवऱ्याला बोलावणं आलं. तो महिनाअखेर परत आला. खुंट्या ठोकून झाल्या होत्या आणि कणसं दाण्यात आली होती. पहिल्या सहापैकी दोन खड्डे मीटरच्या वर भरले, चार नाही. पाण्याबद्दल विचारलं की कचेरीत सांगतात, सगळे खड्डे होऊ द्या.

सातवी खुंटी बागाईतदाराच्या उभ्या पिकात आली.

त्या सकाळी मापात चार मिलिमीटर होतं. पाऊसवालीने ते लिहिलं आणि चिठ्ठ्या घेऊन वर गेली. बाई अजून यायच्या होत्या. नवरा बांधावर कुदळ टेकून उभा होता. बुंधे पिकात बुडाले होते. खुंटीचं लाल टोक कणसांतून जेमतेम दिसत होतं. चारच पावलांवर, मेलेल्या दोन झाडांच्या मधे, पडीक जागा होती.

बागाईतदार विळा घेऊन आला. ते दोघं उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलले नव्हते.

"पीक भरात आहे," नवरा त्याच्याकडे न बघता म्हणाला. "म्हणशील तर थोडं थांबतो. कापणी होऊ दे."

"बाई आज येणार आहेत ना?"

"हो."

"मग?"

बागाईतदार पिकात शिरला. खुंटीच्या भोवतीने त्याने विळा फिरवला, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे, आणि कापलेली धाटं कणसांसकट एका अंगाला रचली. खुंटीला विळा लागू दिला नाही. मग बाहेर येऊन बुंध्यावर बसला.

"खण," तो म्हणाला.

दुपारी बाईंनी पट्टी लावली तेव्हा चव्वेचाळीस भरले. पाऊसवालीने चिठ्ठीवर चव्वेचाळीस लिहिलं. अजून चौतीस खुंट्या बाकी आहेत. गेल्या शनिवारी दोन ट्रक भरून पाइप आले आणि रस्त्याच्या कडेला पडले आहेत. ते कुठल्या बाजूला न्यायचे, हे ट्रकवाल्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.